मिठातला उभा धागा

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो, असं मला सांगण्यात आलेलं आहे. जुनं हे खरं, कारण माझ्या पितळेवर काळे डाग पडलेत आणि बिजागरी कुरकुरते. भिंग हेही खरं असावं. पण कुणाच्या सांगण्यावर चटकन विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. आत्ता तुम्ही मला खणातून बाहेर काढलंत, माझ्यावर फुंकर मारलीत आणि एवढं जवळ तोंड आणून बघताय, याचीसुद्धा मला शंका येतेय. काय हवंय तुम्हाला? काही फुटलंय का? कुणावर आळ घ्यायचाय का?

तसं काही नसेल तर बसा. पण संत्रं खाल्लेले हात आधी धुऊन या. का ते पुढे कळेल.

मला घडवलं एका काच घासणाऱ्या कारागिराने. त्याने माझी काच तीन दिवस घासली, चौथ्या दिवशी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "हिच्यात काही खोट तर नाही ना?" म्हणजे बघा, माझ्याविषयी या जगात जे पहिलं वाक्य बोललं गेलं तेच संशयाचं होतं. पुढे मी तसाच झालो, यात माझा एकट्याचा दोष नाही.

माझी घडण साधी आहे. तळाला पितळेची एक चौकट, तिच्यात बोटभर रुंदीची चौकोनी खिडकी. मागे उभा कणा. डोक्यावर गोल काच. घडी घातली की मी खिशात मावतो, उघडलं की मी चिमुकल्या खुर्चीसारखा उभा राहतो. माझी खिडकी कापडावर टेकवायची आणि वरच्या काचेतून खाली बघायचं. मग उभे-आडवे धागे दोरांएवढे जाड दिसतात आणि तुटलेला, गाठ पडलेला, भलत्याच जाडीचा धागा लपून राहू शकत नाही.

तर मी एका कापड गिरणीच्या तपासणी खात्यात आलो. तिथे एक तिरकं, काचेच्या पृष्ठभागाचं टेबल होतं आणि त्याच्या पोटात दिवे लावलेले होते. भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट दिवसभर यायचा. विणून झालेला तागा टेबलावर उलगडायचा, दिव्यावरून हळूहळू ओढायचा आणि दोष सापडला की तेवढा तुकडा कापून त्या विणकराच्या नावाने काळी चिठ्ठी लिहायची, असं तिथलं काम. एकाच विणकराला तीन काळ्या चिठ्ठ्या झाल्या की त्याला मागावरून उठवून गोदामात गठ्ठे बांधायला पाठवत.

हे काम एक बाई करायच्या. त्यांचा धाकटा दीर त्याच गिरणीत सात नंबरच्या मागावर होता. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून मग सगळी गिरणीच त्यांना वहिनी म्हणू लागली. खात्याचे प्रमुख असलेले मास्तरसुद्धा. दिराला मात्र सगळे सातनंबर म्हणत. एकोणीस वर्षं एकाच मागावर काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

वहिनींच्या हातात मी पडलो तेव्हा मला त्यांचाही भरवसा वाटला नव्हता. पण बाईंचं काम चोख. जाडंभरडं कापड त्या नुसत्या डोळ्यांनी बघत. सात नंबरवरचं कापड मात्र अगदी तलम, पांढरंशुभ्र. तसलं कापड फक्त त्या एकाच मागावर निघे. त्याच्यासाठी त्या मला काढायच्या. टेबलाच्या कडेला एक लोखंडी पट्टी ठोकलेली होती. तिला माझी चौकट टेकवायची आणि उभ्या धाग्याच्या दिशेने मला सरकवत न्यायचं, पट्टी सोडायची नाही, असा खात्याचा नियम होता. वहिनी तो डोळ्यांत तेल घालून पाळत. शिवाय विणकर त्यांचा दीर. "घरच्या माणसाला सांभाळून घेतात," असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याचा तागा त्या दोनदा बघत.

मला हे फार आवडायचं. दोष सापडला की माझ्या काचेत कसं लख्ख वाटे. वहिनी रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत, मास्तर आल्यागेल्याला मला दाखवून म्हणत, "याच्या तावडीतून काही सुटत नाही." मी तेव्हा जरा नाकाने कांदे सोलत असे, हे आज कबूल करतो.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. जेवणाची सुट्टी झाली की वहिनी टेबलाच्या कोपऱ्यात डबा उघडत आणि एका हाताने जेवता जेवता दुसऱ्या हाताने मला कशावरही ठेवत. मिठाच्या पुडीतले दाणे बघत. कांद्याचा पापुद्रा बघत. संत्र्याची साल, काडेपेटीतल्या काडीचं टोक, स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेषा, टेबलावर मरून पडलेल्या मुंगीचा पाय, काहीही. आणि मग वाया गेलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने त्याचं चित्र काढत. मिठाच्या दाण्याची त्यांनी निदान पन्नास चित्रं काढली असतील. प्रत्येक दाणा म्हणे निराळा.

"अहो, मीठ ते मीठ, त्यात काय बघायचं?" असं एकदा त्यांच्या दिराने विचारलं होतं. चार विणकर होते तिथे.

"तेच तर बघतेय, काय बघायचं ते," वहिनी म्हणाल्या.

सातनंबर खो खो हसला. "वहिनींनी मिठालासुद्धा काळी चिठ्ठी लिहिलेली दिसतेय!" सगळेच हसले. वहिनींनी चित्र डब्याखाली सरकवलं.

मीही मनातल्या मनात त्यांच्यात सामील होतो. मला वाटे, या मिठात दोष नाही, गाठ नाही, तुटका धागा नाही, मग बाई बघतात तरी काय? नक्की काहीतरी लपवाछपवी असणार. ज्या बघण्यातून कुणाची चूक निघत नाही त्या बघण्याचा उपयोग काय, हे मला कळत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे दोष वेचून त्यांचे डोळे शिणत, आणि ती अर्ध्या तासाची सुट्टी म्हणजे त्यांच्या डोळ्यांचा विसावा होता, हे मला फार उशिरा समजलं.

एके दिवशी त्यांना जमिनीवर मांजराच्या मिशीचा एक केस सापडला. गोदामात उंदरांसाठी मांजर पाळलेलं होतं, ते कुठेही फिरायचं. वहिनींनी संत्रं सोलत सोलतच तो केस माझ्या खिडकीखाली धरला. पांढरा, चमकदार, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता. वहिनी अगदी लहान मुलीसारख्या खूश झाल्या. तेवढ्यात मागे मास्तर उभे.

"वहिनी, मांजराच्या मिशा तपासायला ठेवलंय का तुम्हाला इथे?"

"सुट्टी आहे हो, मास्तर."

"सुट्टी तुम्हाला आहे. भिंगाला नाही. ते खात्याचं आहे. पुन्हा असले चाळे दिसता कामा नयेत."

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी घाईघाईने माझी घडी घातली आणि मला खिशात टाकलं. त्या दिवसापासून सुट्टीतलं बघणं बंद. पेन्सिलही खणात गेली. मला बरं वाटलं. चला, म्हटलं, आता नीट काम होईल.

आणि झालंही! तिसऱ्याच दिवशी सात नंबरचा तागा टेबलावर आला. वहिनींनी मला पट्टीला टेकवलं, सरकवलं आणि थबकल्या. काठापासून दोन बोटांवर एक जाड उभा धागा. जिथपर्यंत मी सरकलो तिथपर्यंत तो होताच. मला आनंदाचं भरतं आलं. सापडला! एवढी वर्षं निर्दोष कापड देणारा हा माणूस, हे मला मनातून कधी पटलंच नव्हतं. वहिनींनी पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, सुस्कारा टाकला आणि तुकडा कापून काळी चिठ्ठी लिहिली.

सातनंबर धावत आला. त्याने कापलेला तुकडा हातात घेतला आणि बोटांनी चाचपला.

"वहिनी, हाताला काही लागत नाही हो."

"भिंगात दिसतंय, भावजी."

"माझी बोटं एकोणीस वर्षं हेच करतायत. बोटांना कळलं असतं."

"मग स्वतः बघा." त्यांनी मला त्याच्यापुढे केलं. त्याने पट्टीला टेकवून बघितलं. धागा होता. त्याने मला परत दिलं. जाताना म्हणाला, "हा तुकडा मी नेऊ का? चिंध्यांतच जाणार ना नाहीतरी?" वहिनींनी मान हलवली.

त्याने मागावरचे सगळे उभे धागे एक एक करून तपासले, त्या जागेचे तर बदललेच. पुढच्या आठवड्यात दुसरा तागा आला. काठापासून दोन बोटांवर, त्याच जागी, तोच जाड धागा. दुसरी काळी चिठ्ठी. तोही तुकडा सातनंबरने मागून नेला. आता गिरणीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, सातनंबरचं लक्ष उडालंय. कुणी म्हणे, दीर-भावजयीचं घरात काहीतरी बिनसलंय. मीही कान टवकारून होतो आणि मला दोन्ही खरं वाटत होतं. सातनंबरने एकदा टेबलाजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलंच, "त्या दिवशी मी मिठावरून हसलो, त्याचा राग काढताय का वहिनी?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तशी वाटते का तुम्हाला?"

"काय वाटायचं ते मला कळेनासं झालंय," तो म्हणाला. "झोपलो तरी बोटं कापड चाचपत असतात. गोदामात गेलो तर या बोटांचं मी करू काय?"

मग तिसरा तागा आला. सकाळीच आला. वहिनींनी मला टेकवलं आणि लगेच उचललं, कारण धागा तिथे होता. त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. भिंतीपलीकडे सात नंबरचा माग चालू होता. त्याचा खडखडाट बाकीच्यांपेक्षा जरा हळू आणि एका ठेक्यात असे, तो सगळ्यांना ओळखू येई. संध्याकाळपर्यंत चिठ्ठी मास्तरांच्या टेबलावर जायला हवी होती.

सुट्टीचा भोंगा झाला. वहिनींनी डबा उघडला, पण घास तोंडात जाईना. मिठाची पुडी हातातून निसटली आणि टेबलाच्या काचेवर मीठ सांडलं. खालून दिवा होता, त्यामुळे दाणे चमकत होते. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दाराकडे एक नजर टाकली, मास्तर नाहीत असं बघितलं आणि मला हळूच मिठावर ठेवलं. चूक शोधायला नव्हे. जीव इतका कोंडला होता की त्यांना थोडी हवा हवी होती, एवढंच.

त्या बघत होत्या आणि मीही बघत होतो. चौकोनी दाणे, काही कोपरे तुटलेले, काही दाण्यांच्या पोटात बारीकशी पायरी. आणि त्या सगळ्यांवरून आरपार गेलेला एक जाड, पांढरा, उभा धागा.

वहिनी दचकल्या. मित्रांनो, मिठाला धागा कुठून येणार?

त्यांनी मला आडवं फिरवलं. धागाही माझ्याबरोबर आडवा झाला. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या तळाच्या खिडकीकडे डोळे बारीक करून बघितलं. मग अंगठ्याच्या नखाने चौकटीच्या खाचेतून काहीतरी खरवडून काढलं. मांजराच्या मिशीचा तुटका तुकडा. त्या दिवशी घाईत घडी घातली तेव्हा तो संत्र्याच्या रसाने तिथे चिकटला आणि वाळून घट्ट बसला होता. खिडकीत तो नेमका उभ्या धाग्याला समांतर पडला होता, म्हणून मला पट्टीने सरळ सरकवलं की अख्ख्या ताग्यात उभा धागा दिसायचा. वरची काच रोज पुसली जायची. तळ कोण पुसतो?

मला काय वाटलं ते विचारू नका. मी कारागिरावर संशय घेतला, वहिनींवर घेतला, मिठावर घेतला, त्या बिचाऱ्या विणकरावर तर हसत हसत घेतला. सगळ्या गिरणीत एकाच वस्तूचा संशय मला कधी आला नव्हता, आणि खोट नेमकी तिथे होती. मला शरम वाटली. पितळेला घाम फुटत नाही म्हणून बरं.

पण माझा स्वभाव तरीही गेला नाही. लगेच शंकेची पाल चुकचुकली, आता ही बाई गप्प बसणार! मिशी फुंकून टाकायची, तिसरा तागा चांगला म्हणून पुढे पाठवायचा, कुणाला पत्ताही लागणार नाही. खोटी चिठ्ठी लिहिली म्हणून त्यांच्याच हातातून मी काढून घेतला जाऊ शकत होतो, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पहिल्या दोन चिठ्ठ्या मात्र दिराच्या नावावर कायमच्या राहिल्या असत्या.

वहिनींनी मिशीचा तुकडा चिठ्ठीच्या कागदात गुंडाळला, मला मुठीत घेतलं आणि डबा तसाच उघडा टाकून त्या मास्तरांकडे गेल्या.

"मास्तर, त्या दोन्ही काळ्या चिठ्ठ्या खोट्या आहेत. चूक माझी आहे."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, मिशी उलटसुलट करून बघितली आणि खुर्चीत मागे रेलले. "वहिनी, आज तिसरी चिठ्ठी व्हायची होती. दीर गोदामात जाणार होता. आणि नेमकी आजच तुम्हाला मिशी सापडली?"

घ्या! आयुष्यभर मी ज्या नजरेने जगाकडे बघितलं ती नजर आता वहिनींवर रोखलेली होती, आणि ती किती बोचते हे मला पहिल्यांदा दिसलं. वहिनींनी मूठ उघडून मला त्यांच्यापुढे ठेवलं. मग म्हणाल्या, "कापलेले तुकडे भावजींकडे आहेत. आता भिंग स्वच्छ आहे. तुम्हीच बघा."

सातनंबरला बोलावलं. तो खाली मान घालून आला, त्याला वाटलं तिसरी चिठ्ठी तयार झाली. मास्तरांनी तुकडे मागितले तेव्हा तो गोंधळला. "एक घरी खिडकीला लावलाय, साहेब. रोज सकाळी उजेडात बघतो, पण मला काही त्यात सापडत नाही. आणि दुसरा..." तो गेला आणि आपला डबा घेऊन आला. डबा त्या तलम पांढऱ्या कापडात बांधलेला होता. त्याने गाठ सोडली.

मास्तरांनी कापड दिव्याच्या टेबलावर पसरलं. स्वतः मला पट्टीला टेकवलं आणि बोटाबोटाने सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. मग परत आणलं. माझ्याखालून धागे जात होते, उभे, आडवे, सारख्या अंतरावर, एकाही ठिकाणी चुकलेले नाहीत. मी असं कापड शेकडो वेळा बघितलं होतं, पण त्यात सतत दुसरंच काहीतरी शोधत होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते नुसतं बघितलं. किती सुंदर विणलं होतं त्या माणसाने!

"डाग आहे," मास्तर म्हणाले. सातनंबरचा चेहरा पडला.

"कसला?"

"तेलाचा. कोपऱ्यात."

"तो माझ्या डब्याचा, साहेब," सातनंबर म्हणाला.

मास्तर हसले. मग त्यांनी दोन्ही काळ्या चिठ्ठ्या फाडल्या. तिसरी मात्र लिहिली. ती तपासणी खात्याच्या नावाने होती. वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली. मला वाटलं, आता आपली दोघांचीही गच्छंती. पण मास्तर म्हणाले, "भिंग तुमच्याकडेच राहू दे. आणि उद्यापासून रोज सुट्टीत मीठ बघत जा. बघितलंच पाहिजे. तेवढीच भिंगाची तपासणी होईल."

बाहेर आल्यावर सातनंबर वहिनींच्या समोर उभा राहिला. "मी तुमच्यावर नको तो संशय घेतला, वहिनी."

"मी तुमच्या बोटांवर घेतला," वहिनी म्हणाल्या. "फिट्टंफाट. जेवलात का?"

दोघंही जेवले नव्हते. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यात डबे उघडले आणि जेवता जेवता सातनंबरने विचारलं, "ते मीठ कसं दिसतं म्हणालात?" त्याने माझ्यावर डोळा टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. पुढे मास्तरसुद्धा "तपासणी नीट होते का बघायला" म्हणून अधूनमधून येऊ लागले. एकदा तर स्वतःच कांदा घेऊन आले.

त्या काळ्या चिठ्ठीच्या पाठीवर वहिनींनी मिशीचं चित्र काढलं, मुळापासून टोकापर्यंत, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर टाचलं. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते तिथेच होतं. निरोपाच्या वेळी त्यांनी दोनच गोष्टी मागून घेतल्या, ती चिठ्ठी आणि मी.

आता कापड कॅमेरे तपासतात म्हणे. तपासोत बापडे. त्यांचा तळ कोण पुसतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. वहिनींच्या घरी मी पुष्कळ वर्षं खिडकीत होतो, मीठ बघितलं, पावाचे कण बघितले, त्यांच्या हातावरच्या वाढत गेलेल्या सुरकुत्याही बघितल्या. त्यानंतर हा खण. सोबतीला गंजलेल्या किल्ल्या आणि एक मेलेला सेल. इतकी वर्षं कुणाला माझी आठवण झाली नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण तुम्ही आलात. आता एवढं करा, मित्रांनो. माझी काच पुसाच, पण मला उलटं करून आधी तळ पुसा. मग चिमूटभर मीठ आणा, उजेडात ठेवा आणि कसलीही चूक न शोधता नुसते बघत बसा. दिवसातून थोडा वेळ पुरे. पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

आणि त्या मिठात कधी एखादा धागा दिसला, तर कुणाचंही नाव घेऊ नका. संशयाचा पहिला मान माझा आहे.